स्टॅक पॉली: हायलँड्समधील एका लहान, राकट डोंगराची चढाई

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगत, उलापूल या बंदराच्या उत्तरेला, कॉयगाख नावाच्या मुलखात स्टॅक पॉली हा डोंगर उभा आहे. त्याची उंची ६१२ मीटर आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि सिंहगडही समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरांवर आहे, त्यामुळे सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाला ६१२ हा आकडा वाचून हा डोंगर सकाळच्या न्याहारीआधी उरकण्याजोगा वाटतो. प्रत्यक्षात मात्र या डोंगराच्या माथ्यापासून अवघ्या काही मीटरांवरून दरवर्षी कितीतरी अनुभवी माणसे परत फिरतात आणि ते योग्यच करतात. मी स्वतः या डोंगरावर एकाहून अधिक वेळा गेलो आहे आणि महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांनाही नेले आहे. सह्याद्रीत कमावलेले कोणते कौशल्य इथे उपयोगी पडते आणि तिथली कोणती सवय इथे अंगाशी येते, हे स्पष्ट व्हावे म्हणून हा लेख लिहिला आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आणि डोंगरांची ओढ असलेल्या मराठी वाचकांना तो प्रत्यक्ष वापरता यावा, अशी अपेक्षा आहे.

डोंगराची ओळख

‘स्टॅक’ म्हणजे गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत उभा कडा किंवा सुळका, आणि ‘पॉली’ हे नाव जवळच्याच पॉली नदीशी जोडलेले आहे. नकाशावर गेलिक वर्णलेखनामुळे नावाच्या शेवटी उच्चारात न येणारी अक्षरे दिसतात, ती पाहून गोंधळू नये. याच भाषेतले आणखी काही शब्द लक्षात ठेवले तर नकाशा अधिक बोलका होतो: ‘बेन’ म्हणजे डोंगर, ‘लॉख’ म्हणजे सरोवर, ‘बेलख’ म्हणजे खिंड, ‘मोर’ म्हणजे थोरला आणि ‘बेग’ म्हणजे धाकटा. शेजारच्या कुल मोर आणि कुल बेग या दोन डोंगरांची नावे त्यामुळे लगेच उलगडतात.

या डोंगराचा दगड टॉरिडोनियन वालुकाश्म आहे. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे थर दबून तो तयार झाला, आणि त्याच्या बुडाशी असलेला नाइस नावाचा, उष्णता व दाबाने रूप बदललेला खडक तर काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांइतका जुना आहे. आपल्या दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या हिशेबाने अगदी तरुण ठरतो. ही माहिती केवळ कुतूहलापोटी देत नाही. शेवटच्या हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश बर्फाच्या प्रचंड थराखाली होता, तेव्हा स्टॅक पॉलीची धार त्या बर्फाच्या वर उघडी राहिली होती, असे सांगितले जाते. खालचे उतार बर्फाने घासून गोल केले, तर वरच्या धारेच्या भेगांमध्ये पाणी शिरत राहिले, गोठत राहिले आणि दगड फोडत राहिले. म्हणूनच या डोंगराचा पायथा गुळगुळीत आणि माथा करवतीच्या दात्यांसारखा आहे. चढणाऱ्याने यातून घ्यायचा अर्थ असा, की धारेवरचा खडक स्पर्शाला खरबरीत असतो आणि कोरडा असताना बुटाला उत्तम पकड देतो, परंतु तो जागोजागी फुटलेला असल्यामुळे कोणताही दगड हलवून पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकू नये. थर आडवे असल्यामुळे कडा गोलसर झिजलेल्या आहेत, आणि आपल्याकडच्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, रॉकपॅचवर बोटांना जशा धारदार खाचा मिळतात तशा इथे नेहमी मिळत नाहीत.

कधी जावे

एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. या भागात वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ बहुधा हाच असतो, दिवस मोठे असतात आणि मिज नावाची बारीक चावरी माशी अजून पूर्ण जोरात आलेली नसते. हा प्रदेश ५८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस इथे सुमारे १८ तास उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा तास. हिवाळ्यात धारेवर बर्फ आणि काचेसारखा गोठलेला थर असतो, आणि त्या वेळी बर्फातली कुऱ्हाड व क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) वापरण्याचा सराव नसलेल्याने या डोंगराच्या धारेवर जाऊच नये.

जुलै आणि ऑगस्टमध्ये जायचे असेल तर मिजचा विचार आधी करावा. ढगाळ, दमट आणि वारा पडलेल्या हवेत, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, या माश्यांचे थवे उठतात आणि बूट बांधण्यापुरते उभे राहणेही अशक्य करतात. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वाऱ्यातही त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून वाऱ्याच्या दिवशी आणि उंच धारेवर त्रास जवळजवळ नसतो. चेहऱ्यावर ओढायची बारीक जाळी उलापूलमध्ये मिळते. ती घ्यावी, तिचे वजन रुमालाइतकेच असते.

हवेचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहावा, आणि तो शहराचा नसून डोंगराचा असावा. ब्रिटिश हवामान खाते डोंगरी भागांसाठी स्वतंत्र अंदाज देते, आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस ही सेवाही वायव्य हायलँड्ससाठी रोज वेगळा अंदाज देते. त्यात पाऊस किती हे आपण सवयीने आधी पाहतो, परंतु इथे आधी वारा पाहावा. धारेवर ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील तर तो दिवस सोडून द्यावा, कारण अशा झोतात उभे राहणेच कठीण होते आणि या धारेच्या दोन्ही बाजू उताराच्या आहेत. त्यानंतर ढगांची उंची पाहावी. माथा ढगात असेल तर वरून काही दिसणार नाहीच, शिवाय सुळक्यांमधली वाट शोधणेही अवघड होईल.

सोबत काय घ्यावे

सह्याद्रीत पावसात भिजणे हा आनंदाचा भाग असतो. पावसाळी ट्रेकला सुती टीशर्ट घालून चिंब झालो तरी पायथ्याच्या गावी चहा मिळतो आणि अंग गरम होते. ही सवय इथे सोडून यावे लागते. मे महिन्यातही या धारेवर तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकते, त्यात वारा मिळाला की ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने काढून घेते, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी खडक धरता येत नाही. म्हणून सुती कपडे आणि जीन्स पूर्णपणे टाळावेत. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर पाणी व वारा दोन्ही रोखणारे जाकीट असावे. पावसाळी विजारही हवी, आणि ती पायातले बूट न काढता चढवता येते का, हे घरीच करून पाहावे. टोपी आणि हातमोजे जूनमध्येही पिशवीत असावेत. हातमोज्यांचे दोन जोड असले तर उत्तम, कारण एक जोड खडक धरताना भिजतोच.

बूट घोट्यापर्यंतचे आणि खोल नक्षीच्या तळव्याचे असावेत. वाट बहुतांश दगडी असली तरी बाजूची जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षे अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींची असते आणि ती पाण्याने स्पंजासारखी भरलेली असते. वरून हिरवळ दिसते आणि पाऊल टाकताच पोटरीपर्यंत आत जाते.

फोनमध्ये नकाशा असतोच, तरी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा कागदी नकाशाही घ्यावा. १:५०,००० प्रमाणाच्या मालिकेतला १५ क्रमांकाचा नकाशा या भागाचा आहे. त्याच्या जोडीला होकायंत्र घ्यावे. डोंगराच्या आसपास फोनची रेंज बेभरवशाची असते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. विजेरी कपाळावर बांधायची असावी. शिटी, प्रथमोपचाराची लहान पेटी, आणि जखमी माणसाला आत झोपवता येईल अशी नारिंगी प्लास्टिकची मोठी पिशवी एवढे सामान चार तासांच्या चढाईसाठी जास्त वाटू शकते. परंतु पाय मुरगळून कोणी वाटेत बसले, तर मदत येईपर्यंतचे तीन-चार तास हेच सामान भागवते.

खाण्यापिण्याचे सगळे बरोबर न्यावे लागते. राजगडाच्या वाटेवर ताक आणि लिंबूसरबत घेऊन बसलेल्या मावश्या असतात, गडावर पिठलंभाकरी मिळते. इथे पायथ्यालाही काही मिळत नाही. माणशी दीड लिटर पाणी, थर्मासमध्ये गरम चहा, आणि थंडीत कडक न होणारे खाणे घ्यावे. तेल घालून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू यांच्याइतके सोयीचे या डोंगरावर मला दुसरे काही आढळलेले नाही. हातमोजे न काढता खाता येतात आणि दोन लाडवांवर माणूस तासभर चालतो.

पायथ्यापर्यंत

इनव्हरनेसहून उलापूलपर्यंतचे अंतर सुमारे ९० किलोमीटर असून गाडीने दीड तास लागतो. उलापूल हे १७८८ साली हेरिंग मासेमारीसाठी आखून वसवलेले गाव आहे. आज तिथून लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेला जाणारी बोट सुटते. मुक्काम, पेट्रोल आणि किराणा यांची शेवटची भरवशाची सोय इथेच आहे, म्हणून पुढे निघण्यापूर्वी तिन्ही गोष्टी पाहून घ्याव्यात. उलापूलहून ए८३५ या रस्त्याने उत्तरेला सुमारे १६ किलोमीटर गेल्यावर ड्रमरुनी येथे डावीकडे अखिल्टिबुईकडे जाणारा फाटा लागतो. या फाट्यावरून सुमारे ८ किलोमीटरवर, लॉख लर्गन या लांबट सरोवराच्या काठी, वाहनतळ आहे.

फाट्यापासून पुढचा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. ठरावीक अंतरावर बगल दिलेल्या जागा असतात. समोरून गाडी आली की ज्याला जागा जवळ असेल त्याने थांबायचे, जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचे, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबून समोरच्याला आत जाऊ द्यायचे. मागून कोणी घाईत आले तर त्यालाही अशाच जागी पुढे सोडावे. या जागांवर गाडी उभी करून फोटो काढायला उतरणे हा स्थानिकांना होणारा सर्वांत मोठा त्रास आहे, तो आपल्याकडून होऊ नये. वाहनतळ लहान आहे आणि उन्हाळ्यात दहा-साडेदहापर्यंत भरतो, म्हणून नऊच्या आत पोहोचावे. तो भरलेला असेल तर रस्त्याच्या कडेला गाडी कोंबण्यापेक्षा अखिल्टिबुईपर्यंत फिरून यावे आणि दुपारी चढावे. जूनमध्ये दुपारी दोनला निघालेला माणूसही उजेडात परत येतो.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी मालकीच्या डोंगरांवरही जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे, त्यामुळे परवानगी किंवा प्रवेशपत्र लागत नाही. त्या हक्काबरोबर येणारी कर्तव्ये साधी आहेत: फाटक जसे असेल तसे ठेवावे, कचरा परत न्यावा, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत हरणांच्या शिकारीच्या सूचना लावलेल्या असतील तर त्या पाळाव्यात.

वर जाणारी वाट

पूर्ण फेरी सुमारे साडेचार किलोमीटरची आहे आणि चढ साधारण ५०० मीटरांचा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली चालण्याच्या वेळेचा एक नियम मांडला, जो आजही इथे सर्रास वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने ही फेरी पावणेदोन तासांत व्हायला हवी. या डोंगरावर मात्र त्या वेळेची दुप्पट धरावी, कारण धारेवरचा वेळ अंतरात मोजता येत नाही.

वाट वाहनतळासमोरूनच, रस्ता ओलांडला की सुरू होते. सुरुवातीला दगड बसवलेल्या पायऱ्या आणि बर्चची विरळ झाडी आहे. हरणांनी कोवळी रोपे खाऊ नयेत म्हणून या झाडीला कुंपण घातले आहे, आणि ते ओलांडण्यासाठी फाटक आहे. कुंपणाबाहेर आल्यावर डोंगराची दक्षिण बाजू समोर सरळ उभी राहते आणि तिथे वाट फुटते. आपण उजवीकडची वाट धरावी. समोरच्या उतारावर सरळ वर जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटेचे ओरखडे अजून दिसतात, आणि सह्याद्रीत ढोरवाटांवरून जवळचा मार्ग काढण्याची सवय असलेल्यांचे पाय नेमके तिकडे वळतात. तिकडे जाऊ नये. त्या उतारावरून दशकानुदशके माणसे सरळ चढली-उतरली आणि तिथली पातळ माती धुऊन जाऊन निव्वळ घसारा उरला. तो थांबवण्यासाठीच मोठ्या कष्टाने ही वळसा घेणारी दगडी वाट बांधली गेली आहे. आपण तिच्यावरून चाललो तर उताराला पुन्हा गवत धरते. घसाऱ्यावर सुटलेला दगड खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर जाऊ शकतो, हे वेगळे सांगायला नको.

उजवी वाट डोंगराच्या पूर्व टोकाला वळसा घालून उत्तर बाजूला येते. चढ सलग असला तरी दमछाक करणारा नाही, आणि हा टप्पा घाई न करता चालावा. वळसा पुरा होताच जे दृश्य उघडते, त्यासाठीच पुष्कळ लोक इथवर येतात. खाली लॉख शिनास्केग हे असंख्य फाटे आणि बेटे असलेले सरोवर पसरलेले असते, त्याच्या भोवती घासलेल्या नाइस खडकाचा करडा, पाण्याने भरलेल्या खळग्यांचा मुलूख, आणि त्या सपाटीतून एकटाच उठलेला ७३१ मीटरचा सुलवेन. उजव्या हाताला ८४९ मीटरचा कुल मोर असतो. सह्याद्रीत एका धारेतून दुसरी धार निघते आणि डोंगर हातात हात घालून उभे असतात. इथे मात्र प्रत्येक डोंगर सुटा आहे, कारण मधला वालुकाश्म बर्फाने आणि काळाने उचलून नेला आहे.

उत्तर बाजूने थोडे पश्चिमेकडे चालले की डावीकडे खिंडीकडे चढणारी वाट फुटते. हा सगळ्या फेरीतला सर्वांत खडा टप्पा आहे. वाट नागमोडी असून बरीचशी बांधलेली आहे, तरी काही ठिकाणी खडी सुटलेली असते. लहान पावले टाकावीत, वळण कापून सरळ वर जाऊ नये, आणि वरून कोणी उतरत असेल तर त्याच्या थेट रेषेत थांबू नये. अर्ध्या तासाच्या आत धारेवरची खिंड येते. तिथे पोहोचताच वारा अचानक अंगावर येतो, म्हणून खिंडीच्या दहा-पंधरा मीटर आधी, आडोशाला, जाकीट आणि टोपी घालून घ्यावी. वर गेल्यावर वाऱ्यात फडफडणारे जाकीट घालणे कठीण जाते.

धारेवर

खिंडीत दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की डावीकडे पूर्वेचा माथा आणि उजवीकडे, धारेच्या दुसऱ्या टोकाला, खरा कळस असतो. डावीकडचा माथा जवळ आहे, थोडा हाताचा आधार घेऊन तिथे जाता येते, आणि पश्चिमेचे सुळके, समर बेटे व समुद्र तिथून एका नजरेत येतात. लहान मुले बरोबर असतील, वारा असेल किंवा उंचीची भीती वाटत असेल, तर हा माथा गाठून परत फिरावे. माझ्या मते या डोंगराचे सर्वांत चांगले दर्शन पूर्व माथ्यावरूनच होते, आणि तिथून परतणाऱ्याने आपली चढाई अपुरी राहिली असे मानण्याचे कारण नाही.

पश्चिमेकडे जायचे असेल तर पुढचा मार्ग चालण्याचा राहत नाही, हातापायांनी चढण्याचा होतो. इथे काठ्या घडी करून पिशवीला बांधाव्यात, कॅमेरा आत ठेवावा, आणि गळ्यात किंवा खांद्यावर लोंबणारे काहीही असू देऊ नये. वाट कधी धारेवरून, कधी सुळक्यांच्या बगलेतून जाते. असंख्य बुटांनी झिजलेला फिकट खडक हीच मुख्य खूण, कारण या देशात डोंगरावर रंगाचे बाण काढण्याची पद्धत नाही. सुळक्यांमधून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या नाळी वाटेसारख्या दिसतात, परंतु त्या खाली कड्यावर संपतात, म्हणून झिजलेली खूण हरवली की पुढे न जाता शेवटच्या खात्रीच्या जागी परत यावे. हात-पाय मिळून तीन टेकू खडकावर असल्याशिवाय चौथा हलवू नये, हा गडांच्या रॉकपॅचवर शिकलेला नियम इथे जसाच्या तसा उपयोगी आहे. खडक ओला असेल तर हिरव्या-काळ्या शेवाळी थरावर पाय देऊ नये. कोरडा असताना जो खडक कानसेसारखा धरतो, तोच त्या थरामुळे साबणासारखा होतो.

कळसाच्या थोडे आधी, धार अरुंद होते तिथे, एक बुटका खडकी टप्पा वाट अडवतो. सगळे त्याला ‘बॅड स्टेप’ म्हणतात. उंची दोन-तीन पुरुष, धरायला गोलसर कडा, आणि पायाखाली मोकळी दरी. स्टॅक पॉलीचा खरा माथा हा टप्पा चढल्याशिवाय मिळत नाही. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर नुसते चालून गाठता येत नाहीत अशी जी थोडी शिखरे आहेत, त्यांत स्टॅक पॉलीची गणना होते ती यामुळेच. इथे दोर कायमचा लावलेला नाही, साखळी नाही, खोदीव पायऱ्या नाहीत. ज्याने प्रस्तरारोहण केले आहे त्याला हा टप्पा अवघड नाही, परंतु इथली चूक दुरुस्त करता येत नाही.

एका मे महिन्यात पुण्याहून आलेल्या मित्राबरोबर मी या टप्प्यापाशी उभा होतो. माझा मित्र सह्याद्रीतले सुळके चढलेला, माझ्यापेक्षा कितीतरी सरस. वाहनतळावर ऊन होते, खिंडीत वारा होता, आणि आम्ही टप्प्याखाली पोहोचलो तेव्हा समुद्रावरून एक करडा पडदा येताना दिसला. तीन मिनिटांत गारा सुरू झाल्या. त्याने पहिला हात टाकला, थांबला, बोटे उघडमीट करून पाहिली आणि म्हणाला, “वर जाईन रे, पण उतरताना बोटं लागतील.” आम्ही तिथूनच फिरलो. वर गेलो तर उतरता येईल का, हा त्याच्या मनातला प्रश्न प्रत्येकाने त्या जागी स्वतःला विचारावा. चढताना डोळ्यांसमोर असलेला आधार उतरताना पायाखाली, नजरेआड जातो, त्यामुळे हा टप्पा वर जाताना जितका अवघड वाटतो त्याहून परतताना नक्कीच अधिक अवघड असतो. पहिल्या दोन हालचाली करून तेवढ्याच खाली उतरून पाहाव्यात. त्या सहज उतरता आल्या, खडक कोरडा असला, वारा शांत असला आणि बोटांत ऊब असली, तरच पुढे जावे. मागे लोक खोळंबले आहेत किंवा सोबत्यांपैकी कोणी वर पोहोचून हाक मारत आहे, ही पुढे जाण्याची कारणे नव्हेत.

उतरताना

खिंडीपर्यंत त्याच मार्गाने परत यावे आणि उत्तरेकडे खाली, मूळ वाटेच्या फाट्यावर उतरावे. तिथे डावीकडे वळले की डोंगराच्या पश्चिम टोकाला वळसा घालून वाट पुन्हा दक्षिण बाजूला येते आणि सरोवराच्या दिशेने वाहनतळाकडे उतरते. आलेल्या वाटेने परत जाण्यापेक्षा हा वळसा चांगला, कारण बॅड स्टेपच्या वरचे सुळके खालून कसे दिसतात ते इथे कळते आणि संध्याकाळच्या उन्हात समुद्राकडची बाजू उजळलेली असते. दगडी पायऱ्यांवर गुडघ्यांना ताण येतो, तेव्हा काठ्या आता पुन्हा बाहेर काढाव्यात. घोट्याच्या दुखापती बहुधा या शेवटच्या, सोप्या वाटणाऱ्या टप्प्यात होतात.

अपघात झालाच तर ९९९ किंवा ११२ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. बोलण्याइतकी रेंज नसेल तर ९९९ वर लिखित संदेशही पाठवता येतो, परंतु त्यासाठी आपला ब्रिटिश क्रमांक आधी नोंदवावा लागतो. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवला की नोंदणीच्या सूचना येतात. हे काम घर सोडण्यापूर्वीच करावे. शिटीचा संकेत असा: एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट थांबणे, आणि पुन्हा सहा. उत्तरादाखल तीन शिट्या येतात. मदतीला येणारी पथके स्वयंसेवकांची असतात आणि ती कोणतेही शुल्क घेत नाहीत, म्हणून खर्चाच्या भीतीने फोन करण्यास उशीर करू नये. निघताना मुक्कामाच्या जागी कोणाला तरी आपला मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी, आणि परत आल्यावर तसे आठवणीने कळवावे.

मुक्कामी पोहोचल्यावर एक काम उरते. नेच्याच्या आणि उंच गवताच्या पट्ट्यांत गोचीड असते, आणि तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. आंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत, कंबरपट्ट्याच्या जागी आणि मुलांच्या केसांच्या कडेने नीट पाहावे. इथली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. ती चिकटलेली आढळली तर तेल, चुना किंवा काडीचा चटका यांपैकी काहीही न लावता औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लहान आकड्याने, किंवा टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून, न चिरडता सरळ ओढून काढावी, जागा स्वच्छ करावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा कारणाशिवाय ताप व अंगदुखी सुरू झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. तोपर्यंत भारतात परतला असाल, तर आपण स्कॉटलंडच्या डोंगरात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण हा आजार आपल्याकडे क्वचितच आढळतो आणि सांगितल्याशिवाय त्याची शंका सहसा कोणाला येणार नाही.